हिंदुराव खराड्यांचं डावं वळण

हिंदुराव खराड्यांच्या प्रबंधाच्या नावात एक शब्द चुकला होता, आणि तो चुकलाय हे कळेपर्यंत गणपती येऊन गेले, दसरा झाला आणि दिवाळीचा फराळही संपला. चुकलेला शब्द होता 'डावं'.

हिंदुराव अंबरनाथला चौक सुधार मंडळात कनिष्ठ अभियंता होते. हे मंडळ चौक सुधारण्यासाठी काढलेलं होतं आणि तिथे चौक सोडून बाकी बरंच काही सुधारत असे. साहेबांच्या केबिनचे पडदे तर जवळपास दर वर्षी सुधारत. हिंदुरावांची चाळिशी उलटली तरी ते 'कनिष्ठ'च राहिले होते, कारण वरच्या जागेसाठी मास्टरची पदवी लागायची आणि ते डिप्लोमावरून कसेबसे डिग्रीपर्यंत आलेले. त्यांच्या मागून लागलेली पोरं वरिष्ठ होऊन त्यांना "खराडे, जरा हे बघून घ्या" म्हणायला लागली, तेव्हा त्यांनी उल्हासनगरच्या एका तांत्रिक महाविद्यालयात संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. परीक्षा धडपडत का होईना पार पडल्या. उरला तो प्रबंध. नोंदणीची मुदत मार्चअखेर संपत होती, आणि ती संपली की आधीच्या परीक्षाही पाण्यात, वरची जागाही पाण्यात.

प्रबंधाचा विषय त्यांचे मार्गदर्शक डॉ. पळसुले यांनी दिला. पळसुले सर पूर्वी कधी तरी अमेरिकेत एक हिवाळा काढून आले होते, आणि तेव्हापासून उल्हासनगरच्या मे महिन्यातही टाय लावत. विषयाचं नाव इंग्रजीत होतं आणि ते एका दमात म्हणता येत नसे. मराठीत सांगायचं तर 'संगणकावर वाहतुकीची नक्कल करून चौकातील डाव्या वळणाच्या सिग्नलचे मूल्यमापन.' सोबत सरांनी अमेरिकेहून आणलेली एक फ्लॉपी दिली. तीत नक्कल करणारा प्रोग्राम होता.

डाव्या वळणात मूल्यमापन करण्यासारखं असतं काय, असा प्रश्न हिंदुरावांच्या मनात तेव्हाच आला होता. पण तो विचारायचा म्हणजे सरांसमोर आपला डिप्लोमा उघडा करण्यासारखं. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाले, "फार महत्त्वाचा विषय आहे सर."

अभ्यासासाठी त्यांनी बोरीचा नाका निवडला. नाका घराजवळ होता एवढंच कारण. बदलापुरात सोनिवलीच्या रस्त्याला त्यांची 'सहजीवन' सोसायटी होती आणि तिच्या फाटकातून बाहेर पडलं की हा नाका. कारखान्यांचे ट्रक, पाण्याचे टँकर, सहा आसनी रिक्षा, भाताच्या पेंढ्याने लादलेल्या बैलगाड्या आणि डोंगरातल्या वाड्यांवरून डोक्यावर मोळ्या घेऊन येणाऱ्या बाया, अशी सगळी मंडळी तिथे एकमेकांना आडवी जात. वर्षभरापूर्वी तिथे सिग्नल लागला होता. कडेला एक पाटीही होती: 'डावीकडे वळण्यास सदैव मुभा.'

रजा टाकून हिंदुराव नाक्यावर खुर्ची मांडून बसले आणि गाड्या मोजू लागले. सरकारी माणूस खुर्ची टाकून बसलाय म्हणजे रस्ता रुंद होणार, असं नाक्यावरच्या दुकानदारांनी ठरवलं. दुपारपर्यंत पानवाल्याने आपली फळी आत घेतली. सायकलवाल्याने छपराचे पत्रे उतरवले. संध्याकाळी हिंदुरावांना तीन ठिकाणांहून चहा आला आणि एकाने हळूच विचारलं, "साहेब, किती फूट जाणार?" हिंदुराव म्हणाले, "मी फक्त वळणं मोजतोय." हे उत्तर कुणालाच पटलं नाही. सायकलवाल्याने त्या वर्षी पत्रे परत चढवलेच नाहीत.

संगणक होता उल्हासनगरच्या कॅम्प पाचात, टहिल्यानीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये. खाली त्याच्या भावाचं जीन्सचं दुकान, वर दोन संगणक आणि तिसऱ्यावर टाकलेली चादर. संध्याकाळी पोरं टायपिंग शिकून गेली की हिंदुराव फ्लॉपी घालून बसत. प्रोग्रामला मोटार आणि ट्रक अशा दोनच जाती ठाऊक होत्या. रिक्षा त्यांनी अर्धी मोटार धरली. टेम्पोला दीड मोटारीचा मान दिला. बैलगाडीने बराच वेळ घेतला. ती जागा एका मोटारीची व्यापते, पण मागे खोळंबा लग्नाच्या वरातीएवढा करते. म्हशीला कुठल्या रकान्यात घालावं यावर तर त्यांनी एक अख्खा रविवार घालवला, आणि शेवटी म्हैस म्हणजे बंद पडलेला ट्रक असं धरलं. हे सगळं त्यांनी इतक्या गांभीर्याने केलं की बायको बकुळाला वाटलं, हा माणूस आता नक्की वरिष्ठ होणार.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी टहिल्यानी चहा घेऊन त्यांच्या मागे उभा राहिला. काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके सरकत होते.

"खराडे साहेब, एक बात विचारू? बुरा नका मानू."

"विचारा की."

"तुमच्या गाड्या सगळ्या राँग साइडने कशाला चालल्यात?"

हिंदुराव हसले. "अहो, तसं नाही. प्रोग्राम अमेरिकेचा आहे. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने..." आणि वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचा आवाज बसला.

तिकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून तिकडे डावीकडे वळणाऱ्याला समोरून येणाऱ्यांना छेदून जावं लागतं. त्याला वेगळा सिग्नल लागतो. आपल्याकडे ते दुखणं उजव्या वळणाचं. डावीकडे वळणारा कडेकडेने निघून जातो, त्याला कोण थांबवतंय? थांबवू नये म्हणून तर पाटी लावलेली. म्हणजे गेले कित्येक महिने हिंदुराव खराडे, रजा टाकून, म्हशींचा हिशेब घालून, या देशात अस्तित्वातच नसलेल्या एका अडचणीचं मूल्यमापन करत होते.

त्यांचा चेहरा बघून टहिल्यानी कळवळला. स्वभावाने चांगला माणूस. "टेन्शन नको घेऊ साईं, इलाज आहे," असं म्हणून तो खाली गेला आणि दुकानात गिऱ्हाइकं जीन्स घालून बघतात तो आरसा उचलून वर घेऊन आला. त्याने आरसा पडद्यासमोर धरला. आरशात सगळ्या गाड्या शिस्तीत डाव्या बाजूने चालत होत्या. हिंदुरावांना क्षणभर फार बरं वाटलं. मग लक्षात आलं, की आरशात डावं वळण उजवं झालंय आणि प्रबंधाचं नाव मात्र आरशात मावत नाही.

दुसऱ्या दिवशी ते पळसुले सरांपुढे उभे राहिले. सरांनी टायची गाठ दोनदा सैल केली, दोनदा आवळली.

"नावातला एक शब्द बदलता येईल ना सर? 'डावं'च्या जागी 'उजवं'."

"येईल की. अभ्यास मंडळापुढे ठेवावं लागेल. मंडळ जूनमध्ये बसतं."

"माझी मुदत मार्चमध्ये संपते."

"मग नाही येणार." सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आणि खराडे, विषय मी विचार करूनच दिलेला होता. आता आकडे फिरवून आपल्या बाजूने चालवून बघा."

हिंदुरावांनी आकडे फिरवून चालवलं. प्रोग्रामने सांगितलं की डावीकडे वळणाऱ्यांचा खोळंबा शून्य. सिग्नल लावला तर खोळंबा वाढेल, म्हणून तो लावू नये. सर म्हणाले, "बरोबर आहे. पण एका शून्याचा प्रबंध होत नाही. निदान शंभर पानं हवीत."

त्या रात्री जेवताना बकुळा म्हणाली, "अहो, मग ते शून्य का आलं ते शंभर पानांत लिहा." ती प्राथमिक शाळेत शिकवायची. मुलांकडून एका आंब्यावर पानभर निबंध लिहून घ्यायची सवय असल्यामुळे तिला यात अवघड काही दिसत नव्हतं.

सहजीवन सोसायटीच्या भिंती पातळ होत्या. सकाळी दूध घ्यायला हिंदुराव खाली आले तेव्हा साऱ्या इमारतीला डाव्या-उजव्याची भानगड ठाऊक झाली होती. सल्ले यायला सुरुवात झाली. एक म्हणाले, नावातला तेवढा शब्द टाइप करताना कागदावर चहा सांडा. दुसऱ्यांनी विचारलं की सरळ अमेरिकेतच नोकरी बघितली तर. तळमजल्यावरच्या कोंडाजी म्हसकरांचं मत पडलं की हे सगळं पाण्याच्या पंपाच्या भांडणात सोसायटीची बरकत गेल्यामुळे होतंय. कोंडाजी आणि त्यांच्या वर राहणारे रघुभाऊ पंपाच्या वेळेवरून भांडल्याला बरेच दिवस झाले होते. दोघं एकमेकांशी बोलत नसत आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीचं मूळ पंपापर्यंत नेत.

सोसायटीचे सेक्रेटरी शंकरराव गोडांबे मात्र शांतपणे ऐकत होते. दर गणपतीत सोसायटीचं नाटक तेच बसवत.

"हे तुमचं सिम्युलेशन म्हणजे नक्की काय हो?" त्यांनी विचारलं.

"खऱ्या चौकाची नक्कल."

"नक्कल? मग त्याला कॉम्प्युटर कशाला पाहिजे? एवढी बिऱ्हाडं आहेत आपल्याकडे. अंगणात बसवून टाकू."

हिंदुरावांना हे फार लागलं. ते म्हणाले, "शंकरराव, ही अभियांत्रिकी आहे. नाटक नाही." आणि दुधाची पिशवी घेऊन ताठ मानेने जिना चढून गेले.

ती मान चार दिवसही ताठ राहिली नाही. टहिल्यानीच्या संगणकाला कुठून तरी व्हायरस लागला. पडद्यावरची अक्षरं पिकल्या जांभळांसारखी टपाटप खाली पडून तळाशी ढीग होऊ लागला. अक्षरांपाठोपाठ ठिपके पडले, ठिपक्यांपाठोपाठ फ्लॉपी गेली. टहिल्यानीने दु:ख म्हणून त्या दिवशी चहासोबत दाल पकवान मागवलं. हिंदुरावांनी ते खाल्लं, बदलापूरला परत आले आणि शंकररावांचं दार वाजवलं.

"अंगणात किती माणसं मावतील?" त्यांनी विचारलं.

पुढच्या रविवारी सकाळी सोसायटीच्या अंगणात कबड्डीला वापरतात त्या फक्कीने चौक आखला गेला. प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी. भूमिका वाटताना मात्र दुसऱ्या मजल्यापर्यंत आवाज गेले, कारण प्रत्येकाला ट्रक व्हायचं होतं. सायकल व्हायला कुणी तयार नव्हतं. शेवटी शंकररावांनी स्वतःकडे डावीकडे वळणारा ट्रक घेतला, कोंडाजींना टँकर केलं आणि रघुभाऊंना बस. रघुभाऊंच्या पत्नी कौसाबाई रिक्षा झाल्या. सिग्नल बकुळा. ती चौकात स्टुलावर उभी राहिली, एका हातात लाल खण, दुसऱ्या हातात हिरवा. हिंदुराव पाण्याच्या टाकीच्या झाकणावर शिट्टी आणि घड्याळ घेऊन चढले. आपल्याला या वेळी ऑफिसमधल्या कुणी बघू नये अशी त्यांची इच्छा होती.

उरली बनूबाई. तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत एकटी राहणारी म्हातारी, मूळची बदलापूर गावातली. ती म्हणाली, "मना पण कायतरी द्या." पादचाऱ्याची पाटी उरली होती, कारण पादचाऱ्याला हॉर्न नसतो. ती तिच्या गळ्यात घातली. भूमिका नीट व्हावी म्हणून ती घरात जाऊन कापडी पिशवी घेऊन आली आणि आखलेल्या रेघेपाशी उभी राहिली.

हिंदुरावांनी शिट्टी वाजवली. तोंडाने हॉर्न सुरू झाले. पहिल्याच हिरव्या खणाला टँकर आणि बस चौकाच्या मधोमध समोरासमोर आले आणि थांबले. कोंडाजी सरकेनात, रघुभाऊ सरकेनात. बकुळाने लाल दाखवला, हिरवा दाखवला, पुन्हा लाल दाखवला. "त्यांना सांगा मागे घ्यायला," कोंडाजी कुणाकडेच न बघता म्हणाले. "बसला रिव्हर्स नसतो म्हणावं," रघुभाऊंनी आभाळाला सांगितलं. त्यांच्या मागे सगळा सोनिवली रस्ता तुंबला. कौसाबाई रिक्षा असल्यामुळे सिग्नलवर न थांबता चौकाच्या ऐन मध्यावर थांबल्या आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीतल्या बाईंशी लोणच्याच्या मोहरीबद्दल बोलू लागल्या. हिंदुराव ओरडले तेव्हा म्हणाल्या, "भावजी, रिक्षा कुठेपण थांबते. तुम्हीच म्हणालात ना, खऱ्यासारखं करा." त्यात सवयीप्रमाणे रोजची म्हैस फाटकातून आत आली, चौकात उभी राहिली आणि तिच्या बाबतीत तरी हिंदुरावांचा हिशेब बरोबर ठरला.

या सगळ्या गोंधळात एकटे शंकरराव विनाअडथळा वाहत होते. डावीकडे वळायचे, इमारतीला मागून वळसा घालून परत यायचे आणि पुन्हा डावीकडे वळायचे. त्यांचं बघून आणखी तिघं डावीकडे वळू लागले. न थांबता चालायला मिळतं म्हटल्यावर ती भूमिका लोकांना फारच आवडली.

बकुळाचे हात दुखायला लागले तेव्हा हिंदुरावांनी लांब शिट्टी मारली. गॅलरीखाली टेबलावर पोहे आले. सगळी वाहनं पाट्यांसकट बशा घेऊन बसली. हिंदुराव टाकीवरून उतरले तर बनूबाई अजून तिथेच, फक्कीच्या रेघेपाशी, उन्हात, पिशवी धरून.

"मावशी, या की, पोहे घ्या."

"येऊ कशी? पोहे तिकडं हायत. मी आजून इकडंच हाय."

सगळे हसले. बनूबाईही हसली. हिंदुरावही हसले, आणि पोह्यांचा पहिला घास घेताना थांबले. त्यांनी बशी खाली ठेवली आणि तिच्याजवळ गेले.

"मावशी, तुम्ही सुरुवातीपासून पलीकडे गेलाच नाहीत?"

"कवा जाऊ? समोरच्या थांबल्या का ह्या वळनाऱ्या सुटतात. ह्या काय थांबतच नाय. थांबायचं म्हंजी त्यांना कुनी सांगितलंच नाय."

"खऱ्या नाक्यावरही असंच होतं?"

"होतं म्हंजी? गेल्या सालच्या गौरीपास्नं जनीकडं गेले नाय मी."

जनी म्हणजे तिची धाकटी बहीण जनाबाई. नाक्याच्या पलीकडे, गावाच्या बाजूला राहायची. पूर्वी बनूबाई दिवसाआड तिच्याकडे जायची. सिग्नल नव्हता तेव्हा गाड्या आपसात अडकून पडायच्या आणि त्यांच्यामधून वाट मिळायची. सिग्नल आला आणि डावीकडची वाहती धार कधी तुटेनाशी झाली. जनाबाईचे गुडघे गेलेले, तिला येणं शक्य नव्हतं. दोघी बहिणी हाकेच्या अंतरावर होत्या आणि कुणी येणारं-जाणारं असलं तर त्याच्या हाती वाटीभर कालवण पाठवत होत्या.

"हवालदाराला का नाही सांगितलं?"

"त्यो लाल दिवा तोडनाऱ्यांना बघतो. ह्यांना दिवाच नाय, तं त्यो तरी काय तोडल्याचं बघंल."

हिंदुरावांच्या प्रोग्राममध्ये मोटारी होत्या, ट्रक होते, त्यांनी खटपट करून म्हशीही घातल्या होत्या. चालणारं माणूस नव्हतं. म्हणून शून्य आलं होतं.

पोहे झाल्यावर त्यांनी सगळ्यांना पुन्हा उभं केलं. या वेळी लाल खण डावीकडे वळणाऱ्यांनाही लागू. शंकररावांनी हरकत घेतली. "पाटी आहे तिथे. मी कायद्याने चाललोय."

"आत्ता नाही," बकुळाने लाल खण त्यांच्या नाकासमोर धरत म्हटलं. "उभे राहा."

शंकरराव उभे राहिले. त्यांच्या मागे बाकीचे तिघं उभे राहिले. बनूबाईने दोन्हीकडे पाहिलं, पदर खोचला आणि पिशवी सांभाळत चौक ओलांडून टेबलापर्यंत आली. कुणी सांगितलं नसताना सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती लाजून खुर्चीत बसली आणि पोहे खाऊ लागली. हिंदुरावांनी घड्याळ बघून आकडा लिहून घेतला. त्या दिवशी ते पुन्हा टाकीवर चढले तेव्हा कोण बघतंय याचा विचार त्यांच्या मनात आला नाही.

पुढचे काही रविवार असंच चाललं, आणि उरलेल्या दिवशी ऑफिसला जाण्याआधी ते खऱ्या नाक्यावर उभे राहून गाड्यांऐवजी माणसं बघू लागले. मोळ्या डोक्यावर घेऊन ताटकळणाऱ्या बाया, बकुळाच्या शाळेतली मुलं, एकमेकांचा हात धरून अर्ध्या रस्त्यातून मागे फिरणारे म्हातारा-म्हातारी. हे सगळं ते आधी खुर्ची टाकून बसले तेव्हाही तिथेच होतं. शंभर पानं भरली, वर आणखी भरली. नावातला शब्द बदलावा लागला नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले, डॉ. घळसासी. अत्यंत अबोल गृहस्थ. त्यांनी प्रबंध चाळला आणि एका पानावर बोट ठेवलं. पळसुले सर टायशी खेळू लागले.

"या टँकरचा खोळंबा इतका कसा?"

"सर, तो टँकर बससाठी मागे सरकायला तयार नव्हता."

"का?"

खोटं बोलावं असं हिंदुरावांना वाटून गेलं. पण ते म्हणाले, "पाण्याच्या पंपावरून त्यांचं भांडण आहे."

घळसासींनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे नक्कल वास्तवाला धरून आहे," ते म्हणाले आणि पान उलटलं. मग विचारलं, "पण डावीकडे वळणाऱ्याला थांबवायचं, ही आपल्याकडे पद्धत नाही. कशासाठी थांबवायचं?"

हिंदुरावांनी तयार करून आणलेलं इंग्रजी वाक्य ऐन वेळी पळून गेलं. ते मराठीत म्हणाले, "सर, तो थांबला नाही तर पलीकडे जाणारं माणूस अलीकडेच राहतं. आमच्या शेजारच्या मावशींना त्यांची बहीण भेटत नाही."

घळसासींनी सही केली. बाहेर आल्यावर पळसुले सर हिंदुरावांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, विषय विचार करूनच दिलाय?"

पदवी मिळाली, जागाही यथावकाश मिळाली. पण नाक्यावर दिवा लावायचा प्रस्ताव त्यांनी मंडळात ठेवला तेव्हा साहेब म्हणाले, "तुमच्या अभ्यासाचा आणि ऑफिसचा काय संबंध?" दिवा आहे म्हणून कागद विद्युत शाखेकडे गेला. बाण आहे म्हणून त्यांनी तो रस्ते शाखेकडे पाठवला. बाणाला रंग असतो म्हणून तिथून तो रंगकामाच्या टेबलावर गेला आणि तिथे टेबलाचा पाय छोटा होता त्याखाली राहिला. शेवटी शंकररावांनी शिष्टमंडळ काढलं. गळ्यात पाट्या घालून ट्रक, टँकर, बस आणि रिक्षा साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. कोंडाजी आणि रघुभाऊ दारात पुन्हा समोरासमोर अडकले आणि साहेबांना बाहेर जायला वाट उरली नाही. साहेबांनी आतूनच सांगितलं, "प्रायोगिक तत्त्वावर, एका बाजूला लावा."

दिवा आला. फिटरने बाण जमिनीकडे तोंड करून बसवला. दोन दिवस नाक्यावरचे लोक बाणाखाली जमिनीत काय आहे ते वाकून बघत होते. हिंदुरावांनी उभं राहून तो सरळ करून घेतला. आणि मग एका सकाळी बनूबाई नवं पातळ नेसून, पिशवीत डबा घालून निघाली. तिला सोडायला अर्धी सोसायटी फाटकापर्यंत आली.

डाव्या बाणाचा लाल दिवा लागला. पुढचा रिक्षावाला दचकून म्हणाला, "अरे, ये लेफ्ट का कबसे लाल होने लगा?" पण थांबला. त्याच्या मागे ट्रक थांबला, ट्रकमागे टँकर. बनूबाईने पदर खोचला आणि रस्ता ओलांडला. अंगणात ओलांडायची तशीच, गडबड न करता. पलीकडे पोहोचून ती वळली आणि तिने हात हलवला. बकुळाने डोळे टिपले. हिंदुरावांनी शंकररावांना सांगितलं, "प्रयोग यशस्वी."

जनाबाईच्या घरी बसून दुपारी बनूबाई परत निघाली. संध्याकाळी हिंदुराव ऑफिसमधून आले तेव्हा ती पलीकडच्या कडेला उभी होती. बाण एकाच बाजूला लावला होता. पलीकडून येताना आधी लागणारं डावं वळण दुसऱ्या रस्त्याचं होतं आणि तिथे मुभेची पाटी तशीच होती. अंगणात प्रत्येक वेळी पलीकडे गेलेली बनूबाई खुर्चीवर बसून पोहे खात असे, आणि ती परत कशी येणार हे प्रबंधाच्या एकाही पानावर कुणी विचारलं नव्हतं.

हिंदुराव लाल बाण बघून झपाझप पलीकडे गेले. "चला मावशी, माझा हात धरा." त्यांनी हात धरला आणि दोघं कडेला उभे राहिले. रिक्षा वळल्या, टेम्पो वळले, पेंढ्याची गाडी वळली. हिंदुरावांनी एकदा पाऊल टाकलं आणि मागे घेतलं. हात वर करून थांबण्याची खूण केली. एका ट्रकवाल्याने त्यांना ओळखीचं समजून हात हलवला.

"ऱ्हाऊ द्या," बनूबाई म्हणाली. "जनीकडं चला. च्या घ्या."

चहाचं जेवण झालं. जनाबाई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती आणि बनूबाई पाय पसरून बसली होती. दोघींचं कितीतरी दिवसांचं बोलणं साचलेलं होतं, त्यामुळे मधे कुणी श्वास घेत नव्हतं. पलीकडच्या फाटकात उभ्या असलेल्या बकुळाला हिंदुरावांनी दारातूनच खुणेने सांगितलं, की आपण जेवूनच येतो. सुकटीचं कालवण झणझणीत होतं. त्यांनी तिसरी भाकरी घेतली आणि म्हणाले, "उद्याच प्रस्ताव लिहितो मावशी. या बाजूलाही दिवा लावून घेऊ."

बनूबाईने बहिणीकडे पाहिलं आणि कालवणाची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

"लिवा की," ती म्हणाली. "पर लई घाई नका करू."